पहाटे मासे वर तोंड काढतात, उन्हं चढली की खाली जातात, आठवड्याने पुन्हा तेच: शेततळ्यातल्या माशांना दम का लागतो

तुमच्या शेततळ्यातले मासे आत्ता वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर आधी एवढं करा, बाकीचं नंतर वाचा.

खाद्य टाकू नका. विहिरीची किंवा बोअरची मोटर लावा आणि पाइपचं तोंड उंच बांधून पाणी तळ्यात फुटून पडेल असं सोडा. घरात तुषार सिंचनाचं नोझल असेल तर तेच लावा. बोअरच्या पाण्यात स्वतःचा ऑक्सिजन फारसा नसतो, थेंब होऊन हवेतून पडतानाच ते हवा घेतं. म्हणून पाइप पाण्यात बुडवून ठेवला तर उपयोग नाही. पाणी कमी असेल तर तळ्यातलंच पाणी उचलून तळ्यात टाका, फक्त फूटबॉल (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) तळाशी जाऊ देऊ नका, वरच्या हातभर पाण्यातच राहू द्या. लाइट नसेल तर डिझेल इंजिन, तेही नसेल तर काठावरून लांब बांबूने एका कोपऱ्यातलं पाणी झोडपत राहा. सगळं तळं सुधारणार नाही, पण एक कोपरा सुधारला तरी मासे तिथे गोळा होतात आणि उजाडेपर्यंत तग धरतात. जाळं टाकू नका, माशांना हुसकावू नका, कारण पळापळीत त्यांचा उरलासुरला दम जातो. चुना, पोटॅश, बाटलीतलं औषध, यातलं काहीही या घटकेला नको.

आणि एकट्याने अंधारात काठावर उतरू नका. प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलेलं असतं, पाय घसरला की वर यायला धरायला काही नसतं. तळ्याला गाठी मारलेला दोर आणि हवा भरलेली ट्यूब कायम बांधलेली हवी. मासे पुन्हा सोडता येतात.

आता मूळ गोष्ट.

आमचं तळं सिन्नर तालुक्यात आहे. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, आत कागद. कांदा आणि डाळिंबासाठी काढलं होतं, मग त्यात कटला, रोहू, मृगळ आणि थोडे सायप्रिनस सोडले, सगळे कार्प जातीचे मासे. पहिल्याच वर्षी तीन वेळा मासे वर आले. तिन्ही वेळा चित्र तेच होतं, आणि मी तिन्ही वेळा एकच आजार समजून एकच उपाय केला. खरं तर तीन वेळा तीन वेगळी कारणं होती. हे कळायला मला दीड वर्ष आणि बरेच मासे लागले, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

पहिल्यांदा मी पहाटे साडेचारला बॅटरी घेऊन गेले तेव्हा आधी आवाज आला. चप, चप, चप, जणू शेकडो माणसं एकदम ओठ मिटून उघडतायत. उजेड टाकला तर सगळ्या तळ्यावर रुपयाएवढी गोल तोंडं. कटल्याचं तोंड मुळातच वर वळलेलं, तो सगळ्यात पुढे. बॅटरीच्या उजेडाने एरवी मासा सरकन खाली जातो, हे जागचे हलत नव्हते. माझ्या मागून आबा, म्हणजे माझे सासरे, आले होते. ते म्हणाले, "सूनबाई, भुकेली आहेत गं, टाक दोन मुठी." मी पेंड आणि कोंडा टाकला. खाद्य त्या उघड्या तोंडांना लागून तरंगत राहिलं, एकानेही घेतलं नाही. भुकेला मासा असा वागत नाही. पण हे सुचायला वेळ लागला, आणि ते न खाल्लेलं खाद्य तळाशी जाऊन कुजलं ते वेगळंच.

दम लागलाय की दुसरं काही, हे कसं ओळखायचं

ऑक्सिजन कमी पडल्याची खूण म्हणजे वेळ. पहाटे तीन ते सूर्योदय या वेळात मासे वर येतात आणि उन्हं चढली की आठ-नऊपर्यंत आपोआप खाली जातात. दुसरी खूण, सगळे एकदम येतात. आजार एकदोघांपासून सुरू होतो, एका रात्रीत सगळ्या तळ्याला लागत नाही. तिसरी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते: ऑक्सिजनच्या तुटीत मोठे मासे आधी मरतात. विषारी काही पाण्यात आलं असेल, शेजारच्या फवारणीचं औषध वाहून आलं असेल, तर बहुधा लहान पिलं आधी मरतात. मेलेल्या माशांची रांग लावून बघा. किलोचा कटला काठाला लागलाय आणि बोटुकली (बोटाएवढी पिलं) पळतायत, तर पाण्यात हवा संपली होती.

आमच्या तळ्यात ओढ्याच्या पाण्याबरोबर आलेले दोन मरळ होते. कटले धापा टाकत असताना ते दर काही मिनिटांनी शांतपणे वर यायचे, एक घोट हवा घ्यायचे आणि खाली जायचे. मरळाच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेची वेगळी पोकळी असते, तिच्यातून तो आपल्यासारखी हवेतली हवा घेतो. त्याला पाण्यात ऑक्सिजन नसला तरी चालतं. पण उलटं बघा, मरळाला पृष्ठभागापर्यंत येऊच दिलं नाही तर तो भरल्या पाण्यात गुदमरतो. पाणी विषारी असतं तर मरळही तळमळला असता. तळ्यात मरळ, शिंगी, मागूर असे हवा घेणारे मासे असतील तर त्यांच्याकडे नीट बघा, अर्धं निदान तिथेच होतं.

मेलेला मासा उचलून कल्ल्याचं झाकण बोटाने वर करा. आत कमानीसारखे चार पट्टे दिसतील, प्रत्येकावर लाल दात्यांच्या दोन ओळी, कंगव्यासारख्या. ताज्या माशात त्यांचा रंग डाळिंबाच्या दाण्यासारखा हवा. गुदमरून मेलेल्या माशाचं तोंड उघडं आणि झाकणं पसरलेली राहतात. रंग चॉकलेटी असेल तर प्रकरण वेगळं आहे, त्याबद्दल पुढे.

पाण्यात श्वास घेणं इतकं अवघड का आहे

हे समजलं तर पुढचे उपाय पाठ करावे लागत नाहीत, म्हणून थोडं थांबा.

हवेत २१ टक्के ऑक्सिजन आहे. एक लिटर हवेत तो वजनाने साधारण २७० मिलिग्रॅम भरतो. एक लिटर पाण्यात, ३० अंश तापमानाला, जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम मुरतो, आणि आमच्यासारख्या पठारावर हवेचा दाब कमी असल्याने त्याहूनही थोडा कमी. म्हणजे मासा जिथे राहतो तिथे ऑक्सिजन आपल्यापेक्षा पस्तीसेक पटीने विरळ आहे. त्यात पाणी हवेच्या ८०० पट जड, ते कल्ल्यांवरून सतत ढकलायचं. आणि स्थिर पाण्यात ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा हजारो पटींनी कमी. वरून वारा लागतोय म्हणजे खाली हवा पोचतेय असं अजिबात नाही.

एवढ्या गरिबीत मासा जगतो तो कल्ल्यांच्या रचनेमुळे. त्या कंगव्याच्या प्रत्येक दात्यावर डोळ्याला न दिसणारे पापुद्रे असतात. त्यांच्यातून रक्त एका दिशेने वाहतं आणि पाणी बरोबर उलट्या दिशेने. त्यामुळे रक्त पापुद्र्यातून बाहेर पडता पडता त्याला नुकतं आत आलेलं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी भेटतं आणि शेवटपर्यंत काही ना काही मिळत राहतं. पाणी चांगलं असेल तर मासा त्यातला ७०-८० टक्क्यांपर्यंत ऑक्सिजन काढून घेऊ शकतो. आपली फुप्फुसं श्वासातला जेमतेम पाव भाग घेतात.

मग एवढा हुशार अवयव असून हवेत काढलेला मासा का मरतो? कारण पाण्याचा आधार गेला की ते पापुद्रे एकमेकांना चिकटतात. ओल्या केसांसारखे. भोवती पस्तीस पट ऑक्सिजन, आणि तो घ्यायला जागाच उरत नाही. कोकणात खाडीच्या चिखलावर उड्या मारणारा निवटा हेच संकट वेगळ्या तऱ्हेने सोडवतो: कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या आतल्या अस्तरातून हवा घेतो. बेडूकही कातडीतून बराचसा श्वास घेतो. तुमच्या तळ्याच्या काठाशी डासाच्या अळ्या उलट्या टांगलेल्या दिसतात, त्या शेपटीकडची नळी वर काढून श्वास घेतात. तळाच्या गाळात बारीक लालभडक अळ्या सापडल्या तर समजा तिथे ऑक्सिजन फार कमी आहे. त्या लाल असतात कारण त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, नाहीतर तिथे टिकल्याच नसत्या. मी गाळाचा एक डबा काढला तेव्हा मूठभर निघाल्या होत्या.

कटल्याकडे यातलं काही नाही. त्याच्याकडे फक्त कल्ले आहेत. पृष्ठभागाला हवेशी लागून असलेल्या पाण्याच्या अगदी पातळ थरात थोडा ऑक्सिजन असतो, तो ओढून घ्यायला तो वर येतो. मला वाटायचं तो हवा खातोय. तो पाण्याची शेवटची साय ओढत असतो.

रात्री ऑक्सिजन जातो कुठे

दिवसभर तळ्यातलं हिरवं सूक्ष्म शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवतं. दुपारी तीन-चारला पाण्यात तो सगळ्यात जास्त असतो. अंधार पडला की हेच शेवाळ ऑक्सिजन देणं थांबवतं, पण श्वास घेणं थांबवत नाही. त्यात गाळ कुजवणारे जिवाणू आणि मासे. रात्रभर उतार, आणि तळ गाठला जातो तो सूर्योदयाच्या जरा आधी. त्याच वेळी पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, त्याने माशाच्या रक्ताची ऑक्सिजन धरायची ताकद आणखी कमी होते.

माझी समजूत होती की मासे जास्त झालेत, तेच ऑक्सिजन संपवतात. अर्धी बरोबर होती. बियाणं देणाऱ्याने या तळ्यात ३,००० बोटुकली आरामात बसते म्हणून सांगितलं होतं आणि मी विश्वास ठेवला. मिश्र कार्प शेतीत हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली सोडतात. आमचं तळं ९ गुंठ्यांचं, म्हणजे ४५० ते ९००. तरीही मासे हे मुख्य कारण नव्हतं, हे हिशेबाने कळलं.

आम्ही चार शेतकऱ्यांनी मिळून विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा मीटर घेतला. एका रात्री वाचन केलं. संध्याकाळी ७ वाजता लिटरला ८.४ मिलिग्रॅम, रात्री १० वाजता ६.३. तीन तासांत २.१, म्हणजे तासाला ०.७. तळ्यात तेव्हा २ मीटर पाणी होतं, काठांचा उतार धरून साधारण साडेअकरा लाख लिटर. म्हणजे तळं तासाला ८०० ग्रॅम ऑक्सिजन खात होतं. आता मासे: सहाशे किलोच्या आसपास होते, आणि उबदार पाण्यात एक किलो कार्पला तासाला दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम लागतो. सगळे मिळून दीडशे ग्रॅम. आठशेतले दीडशे. बाकी सगळा हिरवं पाणी आणि गाळ खात होता.

हा आकडा वहीत लिहिला तेव्हा माझी नजरच बदलली. मी माशांना वाचवायला औषधं आणत होते आणि ऑक्सिजन पळवणाऱ्याला रोज सकाळी शेण आणि पेंड घालत होते.

त्याच हिशेबाने पहाटेचा अंदाजही काढता येतो, आणि या सगळ्या लिखाणातली हीच गोष्ट तुम्ही उद्यापासून करावी अशी माझी कळकळ आहे. रात्री ऑक्सिजन जवळपास सरळ रेषेत उतरतो. दिवेलागणीला एकदा मोजा, तीन तासांनी पुन्हा मोजा, तासाचा उतार काढा आणि पहाटे ६ पर्यंत वजा करत जा. त्या रात्री १० ते ६ आठ तास, गुणिले ०.७ म्हणजे ५.६. सहा पूर्णांक तीनमधून ते गेले की उरला ०.७. कार्पला ४ ते ५ हवा, ३ च्या खाली तो अस्वस्थ होतो, १ च्या खाली मरायला लागतो. म्हणजे रात्री दहालाच मला माहीत होतं की पहाटे काय होणार. झोप घालवून साडेचारला बॅटरी घेऊन जायचं कारणच उरलं नाही. मीटर नसेल तर थेंबांचं किट मिळतं, त्यानेही हा हिशेब बऱ्यापैकी जमतो.

तीन वेळा तीन कारणं

पहिल्यांदा झालं ते वळवाच्या पावसानंतर. मे महिनाभर वरचं पाणी तापलेलं, तळाचं गार, दोघांत सरमिसळ नाही. तळाच्या थरात ऑक्सिजन कधीच संपलेला. मग गारांसह जोराचा पाऊस आणि वारा आला, गार पाणी खाली गेलं, खालचं वर आलं. सगळं तळं एकजीव झालं आणि सरासरी घसरली. अशा वेळी सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मासे पहाटेची वाट बघत नाहीत, पावसानंतर काही तासांतच वर येतात. आमच्याकडे पाऊस संध्याकाळी झाला आणि रात्री नऊलाच आवाज सुरू झाला होता, घरात कोणी लक्ष दिलं नाही. यावरचा उपाय पावसाच्या आधी करायचा असतो: एप्रिल-मेमध्ये भर दुपारी तास-दोन तास एरेटर (पाणी ढवळून त्यात हवा मिसळणारं यंत्र) चालवून वरचं ऑक्सिजनवालं पाणी खाली मिसळत राहायचं, म्हणजे दोन थर पडतच नाहीत. दुपारी ऑक्सिजन भरपूर असताना एरेटर कशाला, असं मलाही वाटायचं. तो तेव्हा हवा घालायला नसतो, पाणी ढवळायला असतो.

दुसऱ्यांदा श्रावणात. पाच दिवस झड, सूर्य दिसला नाही. शेवाळाने दिवसा कमावलंच नाही आणि रात्री खर्च तोच. पहिली रात्र निभावली, दुसरी निभावली, तिसऱ्या पहाटे मासे वर. मी मात्र रोजचं खाद्य नियमाने टाकत होते, उलट पावसात वाहून जातंय म्हणून मूठभर जास्तच. खाल्लेला मासा पुढचे काही तास जास्त ऑक्सिजन घेतो, न खाल्लेलं कुजताना घेतं. आता आमच्याकडे नियम आहे: आभाळ भरलेलं असेल तर खाद्य निम्मं, दुसऱ्या दिवशीही ऊन नसेल तर बंद. चार दिवस उपाशी राहून कार्प मरत नाही. आणि एरवीही खाद्य सकाळी नऊ-दहानंतर, ऊन पाण्यावर आल्यावरच. संध्याकाळी कधीच नाही.

तिसरी वेळ माझ्या हातून झाली. भाद्रपदात पाणी पोपटी झालं, वर साय धरली. औषधांच्या दुकानात सांगितलं मोरचूद टाका, शेवाळ मरेल. टाकलं. दोन दिवसांत पाणी चहासारखं तपकिरी आणि निवळ झालं, मला बरं वाटलं. तिसऱ्या पहाटे १४० कटले काठाला होते. एवढं शेवाळ एकदम मेलं, म्हणजे ऑक्सिजन देणारं कोणी राहिलं नाही आणि कुजायला मात्र सगळं तळं. वर मोरचूदातलं तांबं कल्ल्यांनाच त्रास देतं. त्या दिवशी आबा काही बोलले नाहीत, पाटी घेऊन मासे वेचत राहिले. घट्ट हिरवं पाणी कधीही एका फटक्यात मारू नका, कोणी कितीही खात्रीने सांगो. मोरचूद न टाकताही शेवाळ आपोआप एकदम मरू शकतं, विशेषतः दाट साय धरल्यावर. हिरवं पाणी एका रात्रीत रंग बदलतंय असं दिसलं की त्याच संध्याकाळपासून एरेटर लावा, मासे वर यायची वाट बघू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं

एक जुनी स्टीलची ताटली घेतली, वीसेक सेंटिमीटरची. तिच्यावर ऑइल पेंटने चार पाव केले, दोन काळे, दोन पांढरे. मध्ये भोक, दोरी, खाली नट-बोल्टचं वजन, दोरीला दर पाच सेंटिमीटरला गाठ. सकाळी दहाच्या सुमाराला पाण्यात सोडायची आणि काळंपांढरं दिसेनासं झालं की गाठी मोजायच्या. ३० ते ४० सेंटिमीटरला दिसेनाशी झाली तर पाणी चांगलं. २० च्या आत गेली तर शेवाळ घट्ट झालंय, पहाट वाईट जाणार. खर्च काहीच नाही, आणि मीटर बिघडला तरी ही ताटली बिघडत नाही. आमच्या आठवीतल्या मुलीने हे काम घेतलंय, ती शाळेआधी गाठी मोजून वहीत लिहून जाते. वेळ थोडी आधीची होते, पण रोज एकच वेळ ठेवली की चढ-उतार कळतो.

ताटली २५ च्या आत आली की शेण बंद, खाद्य निम्मं आणि पाणी बदल. पाणी बदलताना वरचं सोडायचं नाही. आम्ही जाड पाइप तळाशी टेकवून सायफनने गाळासकट काढतो आणि ते डाळिंबाला देतो. काळं, वास मारणारं पाणी निघतं सुरुवातीला. झाडांना ते चांगलं मानवतं, आणि रात्री ऑक्सिजन खाणारा मोठा वाटेकरी तळ्यातून कमी होतो. कागदाच्या तळ्यात हा फायदा आहे की गाळ मातीत मुरत नाही, उचलता येतो. तोटा हाच की उचलला नाही तर सगळा तिथेच राहतो.

एरेटर घेतला, एक एचपीचा, पंख्याचा. त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका. कागदोपत्री तो तासाला किलोभर ऑक्सिजन देतो, प्रत्यक्ष तळ्यात निम्म्याच्या आसपास. माझं तळं तासाला आठशे ग्रॅम खात होतं. म्हणजे खर्च कमी केल्याशिवाय नुसता एरेटर हरणारच होता, आणि पहाटे चारला लावला तर हमखास. उताराचा हिशेब बघून रात्री अकरा-बारालाच लावावा आणि ऊन पाण्यावर पडेपर्यंत चालवावा. जागा अशी निवडा की पाणी तळ्याभोवती गोल फिरेल आणि धार गाळावर बसणार नाही. अर्थिंग आणि गळती झाली तर लाइन तोडणारा स्विच याशिवाय पाण्यात वीज नेऊ नका.

खरी अडचण लाइटची आहे. शेतीची लाइन पाळीने येते, ज्या आठवड्यात दिवसा असते त्या आठवड्यात रात्री एरेटर मुका. आम्ही घराच्या सिंगल फेजवर चालेल अशीच मोटर घेतली आणि शिवाय डिझेल इंजिनात पाच लिटर डिझेल कायम ठेवतो. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांनी मासेच कमी ठेवावेत. नव्या हंगामात मी ८०० बोटुकली सोडली. एकेक मासा मोठा भरला.

वरचं काहीच जुळत नसेल तर

मासे भर दुपारी, ऊन असतानाही वर असतील आणि मीटर ५-६ दाखवत असेल, तर पाण्यात ऑक्सिजन आहे पण माशाला घेता येत नाहीये. कल्ले उघडून बघा. रक्त चॉकलेटी असेल तर नायट्राइट वाढलंय. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरण्याची क्षमताच घालवतं. अशा वेळी साधं मीठ कामाला येतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. किती टाकायचं ते पाणी तपासूनच ठरवा. कल्ल्यांवर पांढुरके ठिपके, जास्तीचा चिकट थर, अंग काठाला घासणं दिसलं तर परजीवी असतील, ताजा मासा बर्फात घालून मत्स्य विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला दाखवा. दुपारी पीएच ९ च्या वर असेल तर अमोनियाचा संशय घ्या. घट्ट हिरव्या पाण्यात दुपारी पीएच चढतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणूनच मासे वर आले की चुना टाका हा सरसकट सल्ला मला धोक्याचा वाटतो, चुन्याने पीएच आणखी चढतो.

"मग हवा घेणारेच मासे टाका ना" असं मला अनेकांनी सुचवलं. मरळ चांगला, भावही चांगला, पण तो मांसाहारी आहे, खाद्य महाग पडतं आणि पिलं एकमेकांना खातात. पंगसही वर येऊन हवा घेऊ शकतो, दाट पाण्यात कार्पपेक्षा टिकतो. थाई मागूर म्हणून जो विकतात तो आफ्रिकी मागूर आहे, त्याच्या पालनावर देशात बंदी आहे, ओढ्यानाल्यात सुटला तर आपले देशी मासे खाऊन टाकतो. तो कोणी कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. आणि मासा हवा घेणारा असला तरी पाणी सडकं ठेवायला ती परवानगी नाही, अमोनिया त्यालाही भोवतो.

काल दिवसभर आभाळ होतं. खाद्य निम्मं टाकलं. संध्याकाळी ७ ला मीटरवर ७.८, रात्री १० ला ६.९. तासाला ०.३ चा उतार, पहाटे ६ पर्यंत साडेचार उरेल असा हिशेब निघाला, म्हणून मोटर लावली नाही. तरी पाच वाजता जाग आलीच. काठावर गेले तेव्हा मीटर ४.३ दाखवत होता आणि पाण्यावर काहीच आवाज नव्हता. बॅटरी मारली तर मध्यावर एक कटला वळला आणि सरकन खाली गेला.